बंद म्हणजे चालू

लेकीच्या गालावर मी दोन थपडा मारल्या तरी तिनं डोळे उघडले नाहीत. तिसरी जोरात मारली. मान एका अंगाला कलंडली आणि तशीच राहिली. बाजेखालच्या शेगडीत निखारे लालभडक फुललेले होते, धुराची एक रेघ नव्हती. बाजेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून माझी विहीण बसली होती, म्हणजे लेकीची सासू. तोंड उघडं, पदर मांडीवर घसरलेला. ही बाई झोपेतसुद्धा डोक्यावरचा पदर सोडत नाही. लेकीच्या कुशीत नात होती. तिची दूध प्यायची वेळ होऊन गेली होती. धुणं वाळत घालून मी आत आले तेव्हा ती रडून घर डोक्यावर घेत असायला पाहिजे होती. ती रडत नव्हती.

नातीला कुंचीसकट उचललं आणि अंगणात धुण्याच्या दगडावर नेऊन ठेवलं. दगड ओला होता, थंडी होती, वारं सुटलं होतं. उभ्या जन्मात कुठल्या बाळंतिणीचं लेकरू मी असं उघड्यावर ठेवलं नव्हतं. परत आत गेले. लेकीच्या काखेत हात घालून ओढलं. बेशुद्ध माणूस दुप्पट जड होतो. ती बाजेवरून खाली पडली, डोकं आपटलं, मी थांबले नाही. वाकळेसकट फरफटत उंबऱ्यापर्यंत आणली आणि तिथं माझ्याच पायातलं बळ गेलं. डोक्यात घण बसायला लागले, मळमळलं. तेव्हा मला कळलं की या खोलीत काहीतरी आहे आणि ते माझ्याही अंगात शिरायला लागलं आहे.

मग मी बोंब मारली. समोरच्या घरातला रिक्षावाला दाढीचा साबण तसाच ठेवून पळत आला. मागं त्याची बायको.

"काय झालं मावशी? साप चावला काय?"

"तिघींना एक साप?" मी म्हणाले. "विहिणीला काढ आधी. आत हाय."

त्यानं विहिणीला खांद्यावर घातलं, ज्वारीचं पोतं घालतात तसं. त्याच्या बायकोनं नातीला दगडावरून उचललं आणि पाठ चोळायला लागली. मी उंबऱ्यावर बसून लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि मागं वळून खोलीत बघितलं. वर भिंतीत बसवलेला पंखा स्तब्ध उभा होता. त्याच्याखाली जावयाची डबी, तिच्यावर एक तांबडा बारीक दिवा लागलेला. शेगडी आत असली की पंखा बंद असतो, हे मला माहीत होतं. म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही.

ती डबी आमच्या घरी कशी आली, हे आता सांगते, नाहीतर पुढचं कुणाला समजायचं नाही.

ही माझी धाकटी लेक. लातूरला दिली. लग्नानंतर लई वर्षं तिला मूल नव्हतं. दवाखाने झाले, देव झाले, लोकांची बोलणी खाऊन झाली. मग राहिलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मी तिला नांदेडला आणलं. मुलगी झाली. मी दवाखान्यातच ठरवलं होतं की घरी गेल्यावर शेक-शेगडी, धुरी, सगळं यथास्थित करायचं. माझी चारही बाळंतपणं शेगडीवर झाली. आजपर्यंत माझी कंबर दुखली नाही.

जावयाला शेगडी पसंत नव्हती. तो लातूरला एका कचेरीत नोकरी करतो, पण त्याचा जीव नोकरीत नाही. त्याचा जीव तारांत आहे. घरात त्यानं एक खोली तारांनी भरून ठेवली आहे. पाण्याची टाकी भरली की मोटार आपोआप बंद होते, अंधार पडला की जिन्यातला दिवा आपोआप लागतो, असले उद्योग. माणूस वाईट नाही. बायकोला शब्दानं दुखवत नाही, सासूला उलट उत्तर देत नाही. फोनवर मला म्हणाला,

"मामी, डॉक्टर म्हणतेत खोलीत धूर नको. बाळाची छाती बारीक असते."

"डॉक्टरच्या आईनं डॉक्टरला शेकलं नसंल तर त्याला काय ठाव," मी म्हणाले. "बाळंतीण माझ्या घरी हाय का डॉक्टरच्या?"

मग म्हणाला, "बरं. शेगडी ठेवा. पण मी एक पंखा बसवतो, हवा बाहेर फेकणारा. त्याला डबी लावून देतो. धूर झाला की डबीला कळतं. मग पंखा आपलं काम करतो. तुम्हाला बटणसुद्धा दाबायचं काम नाही."

मी हो म्हणाले. जावयाला किती वेळा नाही म्हणायचं.

त्याला सुट्टी मिळेना, म्हणून त्यानं पंखा आणि डबी लातूरच्या गाडीवर ठेवून पाठवून दिली. माझा मुलगा स्टँडवरून घेऊन आला. मुलगा स्वतःचा टेम्पो चालवतो, घरातलं तारांचं बारीकसारीक काम त्याला येतं. डबी काय, जेवणाच्या डब्याएवढी. आत हिरवी पट्टी, तिच्यावर काळे किडे बसल्यासारखे तुकडे. एका बाजूला जाळीची टोपी, तीच म्हणे धूर हुंगते, डोळ्यांना न दिसणारा वायूसुद्धा. दुसऱ्या बाजूला निळा चौकोनी ठोकळा. त्याला जावई रिले म्हणतो. मुलानं मला समजावून सांगितलं की डबीतली वीज मोबाइलच्या चार्जरची, एवढीशी. तिनं पंखा फिरत नाही. ती फक्त त्या ठोकळ्यातली एक पत्ती इकडून तिकडं ओढते, आणि पत्ती हलली की घरातली मोठी वीज वाट बदलते. पत्ती हलताना टक् वाजतं.

त्या ठोकळ्याला तार लावायचे तीन खण होते. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं असतात म्हणे. पण जावयानं विचार केला की हे घर सासूचं, सासू चौथी शिकलेली, उद्या मुलगा घरी नसला तर तिला वाचता यावं. म्हणून त्यानं त्या अक्षरांवर कागदी चिकटपट्टी लावली आणि पेनानं मराठीत लिहिलं. एका खणावर "एरवी उघडे". मधल्यावर "मधली". तिसऱ्यावर "एरवी बंद". अक्षर सुंदर आहे त्याचं.

मुलानं स्टुलावर चढून पंखा बसवला. एक तार मधल्या खणात लावली. दुसरी हातात धरून जावयाला फोन केला, मोठा आवाज लावून, म्हणून मलाही ऐकू आलं.

"दाजी, पंखा एरवी बंद पाहिजे ना?"

"हो, एरवी बंदच पाहिजे. धूर झाला तरच लागला पाहिजे."

"हाव. मग एरवी बंदला लावून राहिलो."

पलीकडं कुणीतरी जावयाला हाक मारत होतं, कचेरीतला गलका होता. तो म्हणाला, "लावा. आणि उदबत्ती धरा जाळीपुढं. टक् वाजतं का बघा."

पंख्याचं भिंतीवरचं बटण आम्ही तेव्हा लावलं नव्हतं. नात नुकती झोपली होती, तिला उगाच वारं नको म्हणून मीच लावू दिलं नाही. मुलानं उदबत्ती धरली. टक् वाजलं.

"वाजलं," मुलगा म्हणाला.

"झालं मग," जावई म्हणाला.

दुपारी मुलगा टेम्पो घेऊन गेल्यावर मी भिंतीवरचं बटण लावलं तर पंखा फिरायला लागला; बाळंतिणीच्या खोलीत मुलगा त्यानंतर फारसा आला नाही. बरा वाटला. उंचावर होता, हवा बाहेर ओढत होता, बाजेवर झुळूकसुद्धा येत नव्हती. संध्याकाळी मी शेगडी आत आणली, ओवा, बाळंतशेपा आणि लसणाच्या साली टाकल्या, धुरी झाली. टक्. आणि पंखा बंद पडला. धूर खोलीत राहिला, बाळंतिणीच्या अंगाला लागला, केसांत गेला, जसा जायला पाहिजे. शेगडी बाहेर नेली, थोड्या वेळानं टक्, पंखा पुन्हा सुरू.

मला काय वाटावं? मला वाटलं, वा रे जावई. तारा जोडणारा माणूस, पण त्याला बाळंतिणीची रीत कळते. धुरीच्या वेळेला वारं नको, नंतर हवा पाहिजे. डबी अगदी तसंच करत होती. एखादी कळती बाई कोपऱ्यात बसवल्यासारखी.

लेक म्हणाली, "माय, हे उलटं तर करून राहिलं न्हाई ना?"

"उलटं कसं? धुरी चालू असताना पंखा लावतेत का कुठं?"

तिलाही ते पटलं. तिनं नवऱ्याला फोनवर सांगितलं, "लई छान चाललंय. धुरी झाली की टक् वाजतं, आणि काम करतं." तो खूश झाला. तिच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं आणि त्याच्या ऐकण्यात चूक काही नव्हती.

मग नात बघायला विहीण लातूरहून आली आणि राहिली. आमचं दोघींचं पहिल्यापासून तोंडाचं वैर आहे, मनात काही नाही. आल्या आल्या तिनं खोली बघितली.

"विहीणबाई, आमच्या लातुरात शेगडी दोन्ही वेळ असते. नांदेडात एकदाच?"

"नांदेडात बाळंतीण शेकतेत," मी म्हणाले. "भाजत न्हाईत."

"तरीच तुमच्या लेकीला लग्नात गुडघे दुखत होते."

"ते तुमच्या घरच्या पायऱ्या बघून."

लेक बाजेवर पोट धरून हसली. टाके ओढले म्हणून रडलीसुद्धा.

धुरी झाली आणि पंखा थांबला, तेव्हा विहिणीची छाती दोन बोटं फुगली. "बघितली का माझ्या लेकाची अक्कल? शेगडी आली की पंखा आपणहून गप. सासूपुढं जावई बसतो तसा."

विहिणीच्या हट्टानं सकाळीही शेगडी सुरू झाली. न्हाऊन आलं की लेक बाजेवर, शेगडी बाजेखाली, नात कुशीत. त्या आठवड्यात थंडी वाढली होती. विष्णुपुरीच्या धरणाकडून असं वारं यायचं की दार लोटलं तरी फटीतून शिट्टी वाजायची. विहिणीनं जुनं पोतं गुंडाळून दाराच्या फटीला लावलं. खिडकीला मी आधीच पुठ्ठा ठोकलेला होता. उरलं होतं ते पंख्याचं भोक. पंखा थांबला की त्याच्या मागच्या पट्ट्या आपोआप मिटतात, हे मला नंतर समजलं.

लेक म्हणायची, शेगडीपाशी गुंगी येते. मी म्हणायचे, बाळंतिणीला झोप यावीच. विहीण एकदा म्हणाली, डोकं धरलं. मी म्हणाले, चहा जास्त झाला. त्या दिवशी सकाळी विहिणीनं स्वतःसाठी दुसरी शेगडी पेटवली, पाय शेकायला. कोळसा चांगला फुलवून मगच आत आणला, धूर होऊ नये म्हणून. धूर झालाही नाही. डबीला मात्र कळलं असणार, कारण मी बादली उचलून बाहेर पडत असताना टक् ऐकलं होतं. मी बाहेरून दार ओढून घेतलं आणि विहिणीनं आतून पोतं सरकवलं.

मी धुणं धुतलं. दुपटी पिळली, गच्चीवर नेऊन वाळत घातली. वारं होतं म्हणून एकेकाला चिमटा लावत बसले. मग खाली आले.

रिक्षात लेक आणि विहीण एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. रिक्षावाल्याची बायको त्यांना धरून होती आणि मी नातीला घेऊन पुढं त्याच्या शेजारी. दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं एकदा ओठ हलवला की मला तसं वाटलं, ते अजून कळलेलं नाही.

आत घेतलं. मला बाहेर ठेवलं. मलाही हवेची नळी लावायची म्हणत होते, थोडा वेळ लावलीसुद्धा, पण मी ती काढून दारापाशी जाऊन उभी राहिले. डॉक्टरीण बाहेर आली. वयानं लेकीएवढी.

"खोलीत कोळसा होता?"

"होता. दोन शेगड्या."

"दार-खिडक्या?"

"बंद."

"कोळशाचा विषारी वायू आहे आजी. त्याला वास नसतो, धूर नसतो. दोन महिन्यांचंसुद्धा नाही बाळ, आणि बंद खोलीत शेगडी? शिकलेली माणसं ना तुम्ही?"

"मी न्हाई," मी म्हणाले. "लेकरू कसं हाय ते सांगा."

"सांगता येणार नाही आत्ता," ती म्हणाली आणि आत गेली.

बाकावर जागा होती, पण बूड टेकवेना. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. मध्येच वाटायचं की मी त्या टोकाला असतानाच कुणी दार उघडून हाक मारली तर? म्हणून अर्ध्यातून फिरायची. पदर डोक्यावर घ्यायची, काढायची. कुणाचा फोन वाजला की मला वाटायचं आत बाळ रडलं. दारावरचा शिपाई म्हणाला, "आज्जी, एका जागी बसा ना."

"बसता आलं असतं तर बसले असते. तुझी खुर्ची काय काट्याची हाय का, तू तरी कशाला उठून उठून बघतोस आत?"

देवाचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही पुरतं तोंडात येईना, अर्ध्यावर सुटायचं. मालक वारले तेव्हा मी इतकी फिरले नव्हते. तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. इथं काहीच झालेलं नव्हतं अजून.

रिक्षावाल्यानं फोन लावले. मुलगा भोकरला माल टाकायला गेला होता, त्याचा फोन लई वेळ लागेना, आणि सून उमरीला माहेरी होती. मुलाच्या आधी जावईच पोचला, लातूरहून कुणाची तरी गाडी घेऊन. त्याची आई आत, बायको आत, मुलगी आत. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. माझ्यासमोर उभा राहिला आणि पहिलं वाक्य काय बोलला?

"मामी, पंखा तर चालू होता ना? बंद पडला होता का? वीज गेली होती का?"

"वीज होती. शेगडी आत असताना पंखा कसा चालू राहील?"

"काय म्हणालात?"

"शेगडी आली की तो बंद होतो. पहिल्या दिवसापासून. तुमची आईसुद्धा म्हणाली, लेकानं डोकं लावून केलंय."

तो खाली बसला. बाकावर नाही, फरशीवर. लोक बघायला लागले. मी म्हणाले, उठा. उठला नाही. हातानं हवेत तारा लावल्यासारखी बोटं हलवत होता. मग माझा मुलगा आला, घामाघूम. जावयानं खालूनच विचारलं,

"तार कुठल्या खणात लावली होती?"

"तुम्ही सांगितली त्याच. एरवी बंद."

"एरवी बंद मी पंख्याला म्हणालो होतो."

"मग मी काय म्हशीला लावली, दाजी? पंख्यालाच लावली."

"अहो, खणावरचं बंद म्हणजे वाट बंद नाही. पत्ती बंद. पत्ती टेकलेली. टेकली की वीज पुढं जाते. बंद म्हणजे चालू असतं तिथं. इंग्रजीत तसंच म्हणतात."

"मग इंग्रजीत राहू द्यायचं ना! इंग्रजी असतं तर मी हजारदा विचारलं असतं. मराठीत बंद लिहिल्यावर मानूस काय समजंल? आमच्यात बंद म्हणजे बंद."

"तुम्ही पंखा लावून बघायचा ना एकदा तरी."

"टक् वाजतं का, एवढंच तुम्ही विचारलं!"

दोघांचे आवाज चढले. मुलानं जावयाची कॉलर धरली नाही, पण हात तिथपर्यंत गेला होता. शिपाई उठला. मी दोघांच्या मध्ये गेले. जावयावर राग आला होता का? आला होता. मुलावरही आला होता. पण दोघंही खरं बोलत होते, आणि खरं बोलणाऱ्याला मारता येत नाही. बंद म्हणजे काय हे मला सत्तरीला टेकताना कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. दार बंद केलं की माणूस जात नाही. यांच्या तारेत दार बंद केलं की वीज पलीकडं जाते.

"भांडायचं तर घरी जाऊन भांडा," मी म्हणाले. "हितं माझं लेकरू हाय."

दुपार कलली तरी आतून निरोप नव्हता. लेकीला आणि विहिणीला तोंडावर हवेची नळी लावली होती, बाळाला वेगळ्या खोलीत नेलं होतं, काचेच्या पेटीत. कपडे लागतील, दुपटी लागतील असं नर्सबाई म्हणाली. जावई जागचा हलेना, म्हणून मुलगा आणि मी टेम्पोनं घरी गेलो. मला घरी जायचं नव्हतं आणि दवाखान्यातही राहवत नव्हतं. रस्ताभर मी मुलाला म्हणत होते, हळू जा. आणि लगेच म्हणत होते, जल्दी चल.

घर सताड उघडं होतं. पलीकडच्या शेजारणीनं शेगड्या अंगणात काढून पाणी ओतलं होतं. खोलीच्या दारात आम्ही थांबलो. आत कुणी नव्हतं. बाज तिरकी झालेली, वाकळ उंबऱ्यावर. आणि पंखा फिरत होता. रिकाम्या खोलीतली स्वच्छ हवा बाहेर फेकत मजेत फिरत होता.

मुलगा देवापुढची उदबत्ती घेऊन आला. त्याच्यानं काडी पेटेना, ती मी पेटवली. जाळीपुढं धरली. टक्. पंखा मंदावला, थांबला, मागच्या पट्ट्या मिटल्या. मुलानं माझ्याकडं बघितलं नाही. मेन बटण पाडून स्टुलावर चढला, पेचकस घेतला, "एरवी बंद" मधली तार सोडवली आणि "एरवी उघडे" मध्ये घातली. एक पेच सैल, एक पेच घट्ट. मेन लावला. पंखा गप्प. उदबत्ती धरली. टक्, आणि पंखा फिरायला लागला, पट्ट्या उघडल्या, उदबत्तीचा धूर वाकून तिकडं गेला.

मी स्वतः उदबत्ती धरून बघितली. तो म्हणाला, "माय, झालं ना आता." मी म्हणाले, अजून एकदा. मग अजून एकदा. मला त्यात काय बघायचं होतं मला सांगता यायचं नाही. शेवटी त्यानं माझ्या हातातून उदबत्ती काढून घेतली आणि दुपटी पिशवीत भरली. गच्चीवरची, सकाळी मी चिमटे लावलेली. वाळली होती.

परत गेलो तर लेक शुद्धीवर आली होती. मला आत सोडलं. तिनं डोळे फिरवून माझ्या हातांकडं बघितलं, हात रिकामे होते.

"पोरगी कुठं हाय?"

"दुसऱ्या खोलीत."

"जित्ती हाय का?"

मी खोटं बोलत नाही आणि खरं मला माहीत नव्हतं. म्हणाले, "डॉक्टर बघून राहिलेत." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. कपाळाला, मी ओढताना आपटलं होतं तिथं, टेंगूळ आलं होतं. शेजारच्या खाटेवर विहीण जागी झाली होती, पण तिला आपण कुठं आहोत ते कळत नव्हतं. ती एकसारखं विचारत होती, शेगडी बाहेर नेली का, शेगडी बाहेर नेली का. मी म्हणाले, नेली. थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. मी पुन्हा सांगायची. एरवी मी तिला काहीतरी बोलले असते.

जावई आईच्या पायाशी उभा होता. मला म्हणाला, "मामी, मी आता ती डबी पुन्हा कधी..."

"तार बदलली हाय," मी म्हणाले. "तुमच्या मेव्हण्यानं. आता बरोबर चालते. पन शेगडी माझ्या घरात येनार न्हाई. आता आईचं पांघरूण नीट करा."

त्यानं पांघरूण नीट केलं. मग चुकून पुन्हा केलं.

बाळाच्या खोलीपुढं मी उभी राहिले. काचेतून पेटी दिसायची, पेटीतलं लेकरू दिसायचं नाही, मध्ये नर्सबाईची पाठ. ती बाजूला झाली की दुसरी कुणी यायची. मी टाचा उंच करून बघायची. जावई येऊन माझ्या मागं उभा राहायचा, जायचा, परत यायचा. दोघांना एका जागी थांबता येत नव्हतं. तो गेला की मी उभी राहायची आणि तो आला की मी चालायला लागायची. असं किती वेळ चाललं ते मी बघितलं नाही.

मग तीच सकाळची डॉक्टरीण बाहेर आली. या वेळेला ती मला रागावली नाही. म्हणाली, बाळाच्या आईला घेऊन या, दूध पाजायचं आहे.

लेकीला चाकाच्या खुर्चीतून नेलं. मी खुर्ची ढकलली नाही, जावयानं ढकलली. नातीनं तोंड लावलं. आधी नुसतंच लावलं, मग ओढायला लागली.

लेक जगली. नात जगली. विहीण जगली.